विसरलेली शिफारस : ९ एमएम, .४० आणि १० एमएमची गोष्ट

पिस्तुलांच्या इतिहासावर बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. ९ एमएम चांगलं, .४० चांगलं, की .४५? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे अशा प्रश्नातला ‘चांगलं’ हा शब्द आधी डोळ्यांत खुपतो. कशासाठी चांगलं? आणि कुणाच्या हातात? एवढं ठरवल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. गंमत अशी की, या विषयाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला आणि दुसरा बहुतेकांनी बाजूला ठेवला.

आधी थोडी मापं बघू. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास. ९ एमएम काडतुसाची गोळी ९.०१ मिलिमीटरची. .४० आणि १० एमएम ही नावं वेगळी असली तरी दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, १०.१६ मिलिमीटर. फरक आहे पुंगळीत. .४०ची पुंगळी २१.६ मिलिमीटर लांब, १० एमएमची २५.२. लांब पुंगळीत दारू जास्त मावते आणि गोळीचा वेग वाढवता येतो. पण न्यूटनचा तिसरा नियम कुणाला चुकला आहे? गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितका धक्का मागे, नेमबाजाच्या हाताला बसतो. पहिल्या गोळीनंतर नळी वर उचलली जाते आणि पुन्हा नेम धरायला वेळ लागतो. म्हणजे ही साडेतीन मिलिमीटर शेवटी मनगटाला मोजावी लागतात.

आता इतिहासाकडे येऊ. १८९८मध्ये स्पेनकडून फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात आलं आणि १८९९पासून तिथल्या लोकांशी युद्ध सुरू झालं. अमेरिकन सैन्याकडे तेव्हा .३८चं रिव्हॉल्व्हर होतं. तक्रार अशी आली की गोळ्या लागूनही समोरचा माणूस थांबत नाही. तो स्वतःच्या भूमीसाठी लढत होता, हे कारण तक्रारीत फारसं आलं नाही. दोष काडतुसावर गेला. १९०४मध्ये थॉम्पसन आणि डॉक्टर लगार्ड या दोघा अधिकाऱ्यांनी मृतदेहांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या. त्यांची शिफारस प्रसिद्ध आहे : लष्करी पिस्तुलाची गोळी .४५पेक्षा लहान नसावी. त्यातूनच पुढे १९११चं सुप्रसिद्ध .४५ पिस्तूल आलं.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. पिस्तुलाची गोळी शरीराच्या बहुतांश भागात लागली तर माणूस जागच्या जागी थांबेलच याची खात्री नाही, म्हणून सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा सराव सतत करून घ्यावा, असं त्यांनी म्हटलं होतं. पहिली शिफारस सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरी मागे पडली. बघा ना, नवं काडतूस विकत घेता येतं; सराव रोज स्वतःच करावा लागतो.

यानंतर मायामी, ११ एप्रिल १९८६. एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एका एजंटने झाडलेली ९ एमएमची गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या साधारण एक इंच अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, पण तो लगेच पडला नाही. त्याच्याकडे रायफल होती. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. घरी न परतलेल्या त्या दोघांचा विचार मनात ठेवूनच पुढचं ऐका, कारण संस्थेने जे केलं ते याच दुःखातून केलं.

दोष पुन्हा ९ एमएमवर आला. पण ती चकमक संपवणाऱ्या गोळ्या कोणत्या होत्या? हात जायबंदी झालेल्या एका एजंटने रिव्हॉल्व्हरमधून झाडलेल्या .३८ स्पेशलच्या. त्या गोळीचा व्यास ९.०७ मिलिमीटर. म्हणजे मापाने जवळजवळ तीच गोळी!

एफबीआयने नवा निकष ठरवला : चाचणीच्या जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे. हा निकष योग्यच होता. त्यासाठी १० एमएम निवडलं. पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का अनेकांना झेपेना, पिस्तूलही मोठं होतं. मग दारू कमी केली. दारू कमी झाल्यावर लांब पुंगळीतली जागा रिकामीच राहिली. तेव्हा पुंगळीच आखूड केली आणि १९९०मध्ये .४० जन्माला आलं. ते ९ एमएमच्या आकाराच्या पिस्तुलात बसत होतं, म्हणजे लहान तळव्यांनाही मूठ पेलत होती. पण धक्का ९ एमएमपेक्षा जास्तच राहिला आणि मॅगझिनमध्ये गोळ्या कमी मावल्या : ग्लॉकच्या एकाच आकाराच्या पिस्तुलांत ९ एमएमच्या १७, तर .४०च्या १५.

दरम्यान गोळ्यांची रचना सुधारत गेली. २०१४मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने लिहिलं की, आधुनिक गोळ्या वापरल्या तर ९ एमएम, .४० आणि .४५ यांच्या जखमांत फारसा फरक दिसत नाही; मात्र बहुतेक जण ९ एमएमने जास्त वेगाने आणि जास्त अचूक नेम साधतात. त्याच टिपणात एक आकडा होता : प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात. मंडळी, चुकलेल्या गोळीला कॅलिबर असून काय उपयोग? आणि ती हवेत विरूनही जात नाही, रस्त्यावरच्या कुणाला तरी लागू शकते. एफबीआय ९ एमएमकडे परतली.

खेळात हे कधीच वादाचं नव्हतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं ते .२२वर. कागदी लक्ष्य ताकद विचारत नाही, छिद्र कुठे पडलं एवढंच विचारतं.

याचा अर्थ कॅलिबरला महत्त्व नाही असा नव्हे. गोळी पुरेशी खोल गेलीच पाहिजे. पण ती किमान पात्रता झाली. त्यापुढे दोन जवळच्या काडतुसांत निवड करायची तर ज्याचा दुसरा नेम लवकर आणि नेमका बसतो, ते त्या हातासाठी चांगलं. १९०४च्या अहवालात याची सोय होती. ती दुसरी शिफारस पुन्हा ऐकू यायला ११० वर्षं लागली.