सागवान आणि लोखंड

माझे आजोळ खाडीकाठचे. मामा होड्या बांधणारा सुतार. त्याचा बाप आणि आजाही तेच. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तिकडे गेलो, तो घरचा जुना मचवा ओंडक्यांवर चढवलेला दिसला. मामा त्याच्या फळ्या एकेक ठोकून पाहत होता आणि थोड्या अंतरावर माझा मामेभाऊ एका डिझेल इंजिनाचे भाग रॉकेलमध्ये धूत बसला होता. दोघांत बोलणे नव्हते. रंधा खाली ठेवून पोरगा मुंबईला गेला, चार वर्षे बोटींची इंजिने दुरुस्त करायला शिकला आणि परत येऊन म्हणाला, "यापुढे मी इंजिनाचेच काम करणार. पहिले इंजिन आपल्याच मचव्यात बसवतो." मामाला हा मचव्याचा आणि घराण्याचा, दोहोंचा अपमान वाटला. तरीही मचव्याची डागडुजी त्याने सोडली नाही, कारण कुजकी फळी त्याला बघवत नसे.

दुपारी त्याने अशीच एक फळी उचकटली आणि तिच्यातला खिळा माझ्या हातावर ठेवला. "माझ्या आज्याने मारलेला," तो म्हणाला. वरचा गंज नखाने खरवडला, तर आत लोखंड शाबूत! मामा म्हणाला, "सागवान लोखंडाला खात नाही रे. पटते दोघांचे."

त्या वाक्याने मला मुंबईच्या वाडियांची आठवण झाली. इंग्लंडची जहाजे ओक लाकडाची. ओकमधल्या आम्लाने खिळे गंजत. सागवानात तेल असते, ते खिळ्यांना जपते. याच सागवानाच्या जोरावर लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने अठराव्या शतकापासून मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली आणि ती इंग्रज आरमारानेही मागून घेतली.

त्यांतले एक 'त्रिंकोमाली'. त्याचे नकाशे प्रथम ज्या जहाजावरून निघाले ते १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी लढाईत घेतले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. अखेर लवजींचे वंशज जमशेटजी बमनजी यांनी बांधलेले हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. ऐंशी वर्षांनी, १८९७ मध्ये, ते मोडीत निघाले होते. परंतु एका गृहस्थाने ते विकत घेऊन पोरांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरले. ते काम १९८६ पर्यंत चालले. पुढे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हार्टलपूल गावी त्याचा जीर्णोद्धार झाला. १९९० साली हाती घेतलेले काम २००१ मध्ये पुरे झाले. जहाजबांधणीचे कारखाने केव्हाच बंद पडलेल्या त्या गावात आज मुंबईचे सागवान डौलाने तरंगते आहे.

'त्रिंकोमाली' पाण्यात उतरले तेव्हा याच वाडिया कुळातला एक मुलगा नुकताच नऊ वर्षांचा झाला होता. अर्देशीर कर्सेटजी त्याचे नाव. जन्म ६ ऑक्टोबर १८०८. चौदाव्या वर्षी तोही रीतीप्रमाणे गोदीत लागला. पुढे लाकडाचा उत्तम कारागीर म्हणून सुखाने आयुष्य काढता आले असते. परंतु काळ कूस बदलत होता. १८३० साली मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझला गेली. कोळसा तिच्या पोटात मावेना, तरी वारा पडला म्हणून थांबायची नाही! शिडांच्या जगाला तो इशारा होता.

अर्देशीरांनी तो ओळखला. १८३३ मध्ये त्यांनी 'इंडस' नावाची साठ टनांची छोटी बोट बांधून तिच्यात वाफेचे इंजिन बसवले. १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळून गव्हर्नरसाहेबांना दाखवला. १८३९ मध्ये यंत्रविद्येच्या अधिक अभ्यासासाठी ते विलायतेस गेले. १८४१ साली कंपनीच्या मुंबईतील वाफेच्या कारखान्यावर मुख्य इंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाताखाली युरोपियन माणसे! मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्राला हे रुचले नाही. एतद्देशीय माणूस कितीही हुशार असला तरी अशा जागेस योग्य नव्हे, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. असे सभासद होणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, तेही सत्त्याहत्तर वर्षांनी, १९१८ मध्ये.

अर्देशीरांनी धंदा बदलला, म्हणजे बापजाद्यांची विद्या टाकली का? मला तसे वाटत नाही. लाकडी बोटीत इंजिन बसवायचे तर त्याचे वजन आणि हादरे कण्यावर नि बरगड्यांवर सारखे वाटून द्यावे लागतात. नाहीतर सांधे सुटतात, पाणी आत येते. बोट कुठे वाकते, कुठे ताणते, हे ज्याच्या हाताला ठाऊक त्यालाच हे साधते. अर्देशीरांचा हात गोदीत घडलेला होता.

आणि १८५१ साली मुंबईतल्या स्वतःच्या कारखान्यात भाग ओतून त्यांनी आगबोट सिद्ध केली, तेव्हा तिचे नाव काय ठेवले? 'लवजी फॅमिली'! लोखंडाच्या वाटेने गेलेल्या या वंशजाने आगबोटीला लाकडाच्या मूळपुरुषाचे नाव दिले. १८५७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८७७ मध्ये इंग्लंडात वारले.

रात्री ओटीवर मी ही हकिगत सांगितली. मामेभाऊ माझ्याकडे पाहत ऐकत होता. मामाने अडकित्त्याने सुपारी कातरत नुसते "हं" केले. मला वाटले, गोष्ट वाया गेली.

सकाळी उठून पाहतो तो मामेभाऊ मचव्याच्या मागच्या खांबाशी अडून बसलेला. पंख्याचा दांडा जाण्यासाठी तिथे भोक पाडायचे होते, आणि ते केसभर जरी वाकडे गेले तरी दांडा घासणार, इंजिन हादरणार. चार वर्षांत त्याला पोलादी बोटी मिळाल्या. पिढ्यांपूर्वीच्या सागवानाला भोक पाडणे कोणी शिकवले नव्हते. बापाला विचारायची त्याची छाती होईना.

मामा खाली उतरला. पोराकडे न पाहता त्याने इंजिनाच्या बैठकीपासून खांबापर्यंत सूत ताणले, एक डोळा मिटून पाहिले, पेन्सिलीने खूण केली. मग गिरमिट उचलले.

"धर इथे," तो म्हणाला. "सूत हलू देऊ नकोस."

महिन्यांनंतर बापलेकांत झालेले हे पहिले बोलणे. सागवानाचा पहिला पिवळा भुगा वाळूवर पडला, तसा मी तिथून हळूच निघालो आणि मामीला चहा टाकायला सांगितले.