शुगर एकदम कमी झाली तर काय द्यावे? रोजेदारांनी सेहरीत काय खावे?

आपल्या घरांत 'शुगर' म्हटले की जास्त शुगर एवढेच सगळ्यांच्या डोक्यात येते. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर खालीही येते. वाढलेली शुगर वर्षानुवर्षे हळूहळू नुकसान करते, कमी झालेली मात्र थोड्याच वेळात माणसाला बेशुद्ध करू शकते. रमजानात हा धोका वाढतो, कारण औषध पोटात असते आणि जेवण नसते.

मशीनवर 70 पेक्षा कमी आकडा आला की शुगर कमी झाली असे समजावे. 54 च्या खाली गेली तर गंभीर. सुरुवातीला हात थरथरतात, थंड घाम सुटतो, छातीत धडधडते, अचानक कडकडून भूक लागते, ओठांना मुंग्या येतात. त्यानंतर मेंदूला साखर पुरेनाशी होते. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, चालताना झोक जातो. घरचे म्हणतात, "रोज्यात अब्बा असेच चिडतात." म्हणेनात का, पण असर नंतर अब्बा विनाकारण चिडले आणि अंगाला घाम असेल, तर आधी बोट टोचून शुगर बघा, मग त्यांच्या स्वभावाबद्दल बोला. ब्लडप्रेशरच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो. झोपेत शुगर उतरली तर सकाळी उशी ओली असते आणि डोके दुखते.

आता द्यायचे काय? 15 ग्रॅम झटपट साखर. म्हणजे चहाचे 3 चमचे भरून ग्लुकोज पावडर, किंवा तेवढीच साखर पाण्यात विरघळवून. किंवा एक मोठा चमचा मध. किंवा अर्धा ग्लास साधे कोल्ड्रिंक, डाएटचे नव्हे. रूह अफजाचा मोठा चमचा अर्ध्या ग्लास पाण्यात चालतो. 15 मिनिटे थांबून पुन्हा तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्या. मशीन घरात नसेल आणि लक्षणे दिसत असतील तर तपासणीसाठी थांबू नका, साखर द्या.

इथे आपल्याकडे हमखास चूक होते. बर्फी, पेढा, चॉकलेट, खीर दिली जाते. या पदार्थांत तूप आणि दूध असते, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. खजूर हाताशी असेल तर 2-3 छोटे खजूर जरूर द्या, पण त्यात चोथा असतो, साखरपाणी जास्त लवकर काम करते. दुसरी चूक म्हणजे घाबरून अर्धा डबा साखर चारणे. मग रात्री आकडा 300 वर जातो आणि घरचे म्हणतात, बघा, गोडाने वाढली. शुगर 70 च्या वर आली की चपाती-डाळ, किंवा दूध आणि दोन बिस्किटे असे काहीतरी खायला द्या, नाहीतर ती पुन्हा उतरते.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ही गोळी साखरेचे पचनच लांबवते. अशांच्या घरी ग्लुकोज पावडरच ठेवावी. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव आजच वाचून ठेवा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

सेहरीचे म्हणाल तर पोट किती भरले यापेक्षा काय खाल्ले ते महत्त्वाचे. चहा-खारी, टोस्ट, पाव, गोड फेणी यांची साखर भराभर वर चढते आणि सकाळीच उतरते. ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा गव्हाची चपाती, बरोबर डाळ, अंडे, दही, एखादी भाजी हे सावकाश पचते आणि दुपार काढून देते. रात्रीचे कडधान्य किंवा खिम्याचा रस्सा उरला असेल तर तोही चालतो, तेल कमी ठेवा. सेहरी शेवटच्या वेळेपर्यंत लांबवणे सुन्नत आहे आणि शुगरवाल्यांच्या फायद्याचेही. रात्री 12 ला खाऊन झोपणाऱ्या आणि सेहरीला न उठणाऱ्या मधुमेहींनी तसा रोजा ठेवू नये, असेच मी म्हणेन. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी, मग नमाज, मग जेवण. भजी, समोसे आणि गोड सरबत एकदम पोटात गेले तर शुगर आधी वर उसळते. काही लोकांची दोन-चार तासांनी तरावीहच्या वेळी खाली येते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी शुगर जास्त उतरते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा नाही. म्हणून रमजानच्या 6 ते 8 आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे. सकाळचा मोठा डोस इफ्तारला हलवायचा का, सेहरीचा कमी करायचा का, हे तेच ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणेही धोक्याचे आहे.

बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. इन्सुलिनच्या सुईबद्दलही बहुतेकांचे मत तेच. तेव्हा रोज्यात तपासणी टाळू नका. जोहरनंतर एकदा आणि असरनंतर एकदा जरूर बघा. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर असेल तर रोजा लगेच तोडायचा. मगरीबला वीसच मिनिटे आहेत म्हणून थांबायचे नाही. वडीलधाऱ्यांना हे पटवणे सगळ्यात अवघड, "एवढा वेळ काढला, आता थोडाच उरलाय" असे ते म्हणतात. त्यांना सांगा की सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे, ती अल्लाहने दिलेली आहे, डॉक्टरने नाही. तब्येत सुधारल्यावर त्या रोज्याची कजा करता येते. ज्यांना पुढेही जमण्यासारखे नसेल त्यांच्यासाठी फिदियाचा मसला आपल्या आलिमांना विचारावा. शुगर उतरलेली वाटत असताना गाडी किंवा स्कूटर चालवू नये, खिशात ग्लुकोजची पुडी असावी.

मधुमेह नसलेल्यांना रोज्यात चक्कर आली तर ती बहुधा पाणी कमी पडल्याने, ब्लडप्रेशर उतरल्याने किंवा अंगात रक्त कमी असल्याने येते. निरोगी माणसाचे यकृत साठवलेली साखर सोडत राहते. असे वारंवार होत असेल तर 'शुगर लो झाली' म्हणून गोड खात बसण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

एकदा रोज्यात शुगर 70 च्या खाली गेली की दुसऱ्या दिवशीच्या सेहरीआधी डॉक्टरांना फोन करा. डोस तोच ठेवला तर पुढच्या दुपारी पुन्हा तसेच होण्याची भीती असते.