नव्याण्णव नकारांचा नवरदेव

मुलगी पाहायला नव्याण्णव वेळा जावे आणि नव्याण्णव वेळा नकार घेऊन परतावे, असा माणूस आपल्याला कल्पनेतसुद्धा अवघड वाटेल. जपानमध्ये १९९१ च्या जुलै ते सप्टेंबरात हा माणूस दर सोमवारी रात्री नऊ वाजता फुजी टीव्हीवरून घरोघरी येत असे. ‘एकशे एकावी मागणी’ हे त्या मालिकेचे नाव. नायक तात्सुरो होशिनो बेचाळीस वर्षांचा, बांधकाम कंपनीतला साधा नोकरदार, रूपाने बेताचा. शंभराव्या वेळी समोर बसते ती चेलो वाजवणारी काओरू. लग्नाच्याच दिवशी तिचा नियोजित वर अपघातात गेलेला.

मी ही मालिका फार उशिरा, इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहिली. तेत्सुया ताकेदाने केलेला तात्सुरो पाहून पोट धरून हसलो. मग वाटले, माणसाचे लग्न जमत नाही यात हसण्यासारखे काय आहे?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. जपानी भाषेत कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला ‘मिआई’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, एकमेकांना पाहणे. मूळची ही सामुराई घराण्यांतली रीत मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, सामान्य घरांतही पसरली. आधी फोटो आणि घराण्याची माहिती लिहिलेला कागद यायचा, मग भेट. सगळे सूत्र ‘नाकोदो’ म्हणजे मध्यस्थाच्या हाती. १९३० च्या दशकात दर दहांपैकी सुमारे सात लग्ने अशी जुळत. मध्यस्थाचे खरे काम मला होकार जुळवण्याचे वाटत नाही, नकार पोचवण्याचे वाटते. नकार तोंडावर येत नसे. वाटेत त्याची धार बोथट केली जाई आणि दोन्ही घरांची अब्रू शाबूत राही. आमच्या घरी ‘पैगाम’ नेणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना ही कला नेमकी साधलेली होती.

मग दूरचित्रवाणी आली. युवराज आकिहितो आणि मिचिको शोदा यांची ओळख १९५७ मध्ये कारुइझावाच्या टेनिस कोर्टावर झाली. १० एप्रिल १९५९ ला त्यांचे लग्न झाले. मिचिको राजघराण्यातल्या नव्हत्या, उद्योगपतीची कन्या. तो सोहळा पाहण्यासाठी लोकांनी टीव्ही घेतले. त्याच महिन्यात परवानाधारक संचांची संख्या वीस लाखांपुढे गेली. म्हणजे स्वतः निवडलेल्या जोडीदाराची गोष्ट आणि टीव्हीचा संच अनेक घरांत बरोबरच शिरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांनी ठरवलेल्या लग्नांना मागे टाकले.

तरीही कचेरीतला साहेब काही वर्षे नाकोदो होऊन मिरवत राहिला. कंपनीत काम करता करता जोड्या जमत. हळूहळू तेही ओसरले. तात्सुरोचे हसे होते ते या वळणावर. सगळे आपापले शोधू लागले असताना हा अजून फोटो धाडतो आहे! पण शंभराव्या नकारानंतर तो मध्यस्थाकडे जात नाही, स्वतःच काओरूच्या मागे लागतो. आपण मरणार नाही, हे तिला पटवण्यासाठी चक्क ट्रकसमोर उडी घेतो. आजच्या मुलींना असा पाठपुरावा जाचक वाटेल आणि त्यांचे बरोबरच आहे. पुढे वकिलीच्या परीक्षेसाठी तो नोकरी सोडतो, नापास होतो, मजुरी करू लागतो. शेवटी काओरूच त्याच्याकडे येते. तिथे अंगठी कुठली? बोल्टला लावायचा लोखंडी नट तो तिच्या बोटात घालतो. इथे मात्र मला हसता आले नाही.

२००७ मध्ये समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांनी एक शब्द घडवला, ‘कोनकात्सु’. नोकरीच्या शोधाला असलेल्या ‘शूकात्सु’ या शब्दावर बेतलेला, म्हणजे लग्नासाठीची खटपट. २००९ मध्ये फुजी टीव्हीने याच नावाची विनोदी मालिका काढली. नायक नोकरी गमावलेला, बापाचे ‘तोनकात्सु’चे हॉटेल. (हा डुकराच्या मांसाचा पदार्थ माझ्या ताटात येणे नाही, पण शब्दाची कोटी पचली.) वॉर्ड ऑफिसातल्या जागेसाठी उमेदवार विवाहित किंवा लग्न ठरलेला हवा, म्हणून तो लग्न ठरल्याची थाप मारतो. मालिका फारशी चालली नाही. लग्नाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय लग्न नाही, हा पेच कदाचित पाहणाऱ्यांच्या फार जवळचा असावा. पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष १९७० मध्ये शंभरात दोनही नव्हते; २०२० च्या जनगणनेत ते २८ झाले.

२०२४ मध्ये तोक्यो महानगर प्रशासनाने स्वतःचे वधूवर ॲप सुरू केले. त्याच्या नावातला शब्द ‘एन्मुसुबी’, ऋणानुबंधाची गाठ बांधणे. यातल्या ‘एन’चे अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरात आपल्या ‘प्रत्यय’ या शब्दासाठी वापरले गेले. नाव असे काव्यमय, पण नोंदणीला अविवाहित असल्याचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, शिवाय मुलाखत. तात्सुरोला हे सगळे सहज जमले असते. निदान नोकरी सोडण्यापूर्वी.