किडनीचा फोटो स्वच्छ आला, मग बायोप्सी कशाला?

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी आधी एका शिंप्याची गोष्ट सांगतो.

तो २७ वर्षांचा होता. अशक्तपणा आणि अंगदुखी घेऊन जर्मनीत फ्रायबुर्गच्या इस्पितळात आला आणि दगावला. कुसमाउल आणि मायर यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा धमन्यांवर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या गाठी सापडल्या. १८६६ साली त्यांनी लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘ब्राइटचा आजार’, म्हणजे किडनीचा विकार, आला आहे. आज आपण या रोगाला पॉलिआर्टरायटिस नोडोसा म्हणतो. पण निदान झालं ते मृत्यूनंतर!

१८९५ मध्ये क्ष-किरण आले, तरी उपयोग नव्हता. साध्या एक्स-रेत रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतच नाहीत. १९२९ मध्ये लिस्बनच्या दोस सांतोस यांनी पाठीतून थेट महाधमनीत सुई घालून रंगद्रव्य सोडलं. मग १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सोपी युक्ती काढली: सुईतून तार आत सरकवायची, सुई काढायची, तारेवरून नळी पुढे न्यायची. आता जांघेतून किडनीच्या धमनीपर्यंत पोचता येऊ लागलं. १९६० च्या दशकात जिवंत रुग्णांच्या किडनीत धमन्यांचे बारीक फुगे दिसले. सुजेमुळे भिंत कमकुवत झाली की ती अशी फुगते.

याचं महत्त्व काय? असा फुगा असताना बायोप्सीची सुई त्यात घुसली, तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून या रोगाचा संशय असेल तर आधी चित्र, मग सुई. १९९० च्या अमेरिकन निकषांत अँजिओग्राफीला जागा मिळाली ती उगाच नाही.

पण खरी मेख पुढे आहे. अँजिओग्राफीत मोठ्या नि मध्यम धमन्या दिसतात. किडनीतल्या गाळणीच्या केशवाहिन्या इतक्या सूक्ष्म, की त्यांची सूज तिथे दिसत नाही. १९९४ च्या चॅपल हिल परिषदेने वाहिन्यांच्या आकारावरूनच हे आजार वेगळे केले. लहान वाहिन्यांच्या आजारात फोटो अगदी स्वच्छ येतो आणि किडनी मात्र काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. तिथे लघवीची तपासणी, रक्तातली अँका चाचणी आणि बायोप्सीच लागते.

म्हणजे एका आजारात जी सुई टाळायची, तीच दुसऱ्यात निदान पक्कं करते. म्हणून फोटो काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: सूज नेमकी केवढ्या वाहिनीला आहे?