सायकल टेकडीवर कशी पोचली?

आज आवाज थोडा दमलेला वाटेल, कारण मी आत्ताच वेताळ टेकडीवरून सायकल घेऊन खाली आलेय. एकटीच गेले होते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे अडीचशे मीटरच्या आसपास चढ. छोट्या गिअरवर धापा टाकत वर जायचं. सुट्या मुरुमावर मागचं चाक घसरतं, बेसाल्टच्या पायऱ्या हाताला हादरे देतात. वर पोचलं की जुन्या दगडखाणीच्या बाजूनं मोराचा आवाज येतो. आसपास कुणी नाही. डोक्यात ऑफिस नाही, ग्रुपवरचे मेसेज नाहीत. पुढचं वळण तेवढं दिसतं.

हे मी एकदा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही चढ लागला की खाली उतरून सायकल ढकलायचो. आणि तू चढ शोधत जातेस!"

बाबा कसब्यातून खडकीला कारखान्यात सायकलनं जायचे. तेव्हा पुणं म्हणजे सायकलींचं शहर. शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकली. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस चाकातली हवा सोडणार. सायकल चालवणं हा आनंदबिनंद नव्हता, ती गरज होती. मग आकुर्डीत स्कूटर बनायला लागल्या. बजाजची चेतक आली १९७२ मध्ये. हातात थोडे पैसे आले की माणूस सायकलवरून स्कूटरवर. बाबाही गेले. त्यांच्यासाठी सायकल सुटणं ही प्रगती होती.

आता गंमत बघा. बाबांच्या पिढीत इथे सायकल सोडायची घाई चालली होती, तेव्हाच तिकडे कॅलिफोर्नियात काही तरुण पोरं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलत होती. तीस-चाळीसच्या दशकातल्या. त्या घेऊन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीत डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून सुसाट उतरायचं. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत सुरू केली, नाव 'रीपॅक'. का? कारण उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळायचं आणि ते दर वेळी नव्यानं भरावं लागायचं! १९७७ मध्ये जो ब्रीझनं मुद्दाम डोंगरासाठी फ्रेम बनवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंगचा समावेश झाला. म्हणजे मी जी सायकल चालवते, तिचे पूर्वज भंगारातले.

आणि आपली टेकडी? तिला कितीतरी जण 'एआरएआय टेकडी' म्हणतात. एआरएआय म्हणजे गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था, स्थापना १९६६. ज्या गाड्यांनी सायकलींना रस्त्यावरून हटवलं, त्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या नावाच्या टेकडीवर मी सायकल चालवते. इतिहास असे टोमणे मारतो कधीकधी.

ज्याला आपण सहज जंगल म्हणतो, तेही सगळं मूळचं नाही बरं का. इथलं मूळ रूप गवताळ आणि खुरट्या झाडांचं. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरणारी ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतली, इथे लागवडीत आलेली. टेकडीवर दगड फोडला गेला, झाडं लावली गेली. आणि बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद तर तुम्हाला माहीतच आहे. २०२३ मध्ये टेकडी वाचवा म्हणत पुणेकर मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. मीही होते.

पण खरं सांगू? घोषणा देऊन घरी आल्यावर मला माझीच एक गोष्ट टोचली. त्याआधीच्या पावसाळ्यात मी ओल्या उतारावर आपटले होते. घोटा मुरगळला. एकटी, चिखलात, सायकल अंगावर. वीसेक मिनिटं तशीच बसून होते. रोज फिरायला येणारे एक आजोबा आले, हात देऊन उठवलं आणि मग म्हणाले, "बाळा, लागलं का ते बघू. पण हेही बघ." त्यांनी बोट दाखवलं. माझ्या टायरनं ओल्या मातीत खोल चर पडली होती आणि पावसाचं पाणी तिच्यातून माती घेऊन धावत होतं.

टेकडीचं काम पाणी मुरवायचं. मी तिच्यात पन्हळ कोरून ठेवली होती.

तेव्हापासून वाट ओली असेल तर सायकल घरी. नवी वाट पाडायची नाही. चालणारा दिसला की आधी ब्रेक, मग "नमस्कार काका". आणि निघताना आईला सांगून जायचं, कुठून वर आणि कितीला खाली. एकटं जाणं म्हणजे गायब होणं नव्हे.

गेल्या रविवारी बाबा पायी माझ्यासोबत वर आले. माथ्यावर माझी सायकल हातात घेतली, ब्रेक दाबून पाहिले, जरा अंतर चालवली आणि म्हणाले, "कुठेच पोचायचं नसलं की हलकी लागते गं."

तर मंडळी, टेकडीवर जाल तेव्हा हेडफोन काढून ठेवा. मलासुद्धा बंद करा. मी खाली आल्यावर भेटेनच, पुढच्या भागात!