पांढरीखालची माणसे

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, त्यांच्या भिंती पडल्या, चुलींची राख साचली, की तेथली माती पांढरट होते. आणि अशा जुन्या पांढरीची माती शेताला खत म्हणून उत्तम, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मिसर देशातही हाच रिवाज होता. १८८७ साली तेथे अशीच माती उकरताना एका शेतकरी बाईला अक्षरे उमटवलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या, असे सांगतात. त्या पाट्यांत यरुशलेमच्या अधिपतीने मिसरच्या राजाला धाडलेली पत्रे निघाली; ती इ. स. पूर्व चौदाव्या शतकातली आहेत. बायबलच्या देशांचा इतिहास असा कित्येकदा विद्वानांच्या आधी कष्टकऱ्यांच्या हाती लागला आहे.

त्या भूमीत खोदणाऱ्यापुढे ग्रंथ आधीच उघडा असतो. कुदळीने ग्रंथाला फक्त होकार द्यावा, असे पुष्कळांना वाटते. पण कुदळ कोणाची भीड ठेवीत नाही. यरीहो येथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात उत्खनन केले. तेथे कोसळलेले तट निघाले, परंतु त्यांच्या मते ते यहोशवाच्या मानलेल्या काळाच्या बरेच आधी पडलेले होते. उलट, यरुशलेमच्या बोगद्याने ग्रंथाच्या बाजूने साक्ष दिली. हिज्कीया राजाने शहरात पाणी आणले, असे जुना करार सांगतो. अश्शूरचा राजा सन्हेरीब इ. स. पूर्व ७०१ मध्ये चालून आला, त्या सुमाराचे हे काम असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गीहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत सुमारे ५३३ मीटर खडक त्यासाठी फोडला आहे.

१८८० साली पाण्यात उतरलेल्या एका मुलाला या बोगद्याच्या भिंतीवर कोरीव लेख दिसला. जेवढा लेख शिल्लक आहे, त्यात राजाचे नाव नाही! दोन टोकांकडून खोदत आलेली माणसे, मधला खडक तीन हात उरला असताना पलीकडून ऐकू आलेली साद, आणि अखेर कुदळीला भिडलेली कुदळ, एवढीच त्यात हकीकत आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा आम्हांला थोडी लाभली आणि इतिहास आम्ही रात्री दिव्यापाशी बसून वाचला. त्यात राजांची बिरुदे पुष्कळ भेटली. हा लेख मात्र आम्हांला आपल्या माणसांचा वाटतो.

मग त्याच शतकांत आमच्या नद्यांच्या काठी काय चालले होते? त्याचे उत्तर शिरूर तालुक्यातच मिळते. घोडनदीकाठच्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी तेथील वस्ती उजेडात आणली. तिचा काळ साधारण इ. स. पूर्व १६०० ते ७०० असा ठरतो. म्हणजे दावीद आणि शलमोन यांच्या मानलेल्या काळाच्या आधीपासून येथे माणसे नांदत होती. दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळामुठा यांच्या संगमाजवळ, वाळकीलाही याच लोकांची लहान वस्ती निघाली. इनामगावला शंभरांवर घरे सापडली. लोक जव पिकवीत, कुळीथ-मसूर खात. तांबे थोडे, पाती दगडाची; तरीही त्यांनी लोखंड हाती येण्यापूर्वी घोडीच्या पुराचे पाणी वळवायला सुमारे ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल पाट खणला.

यरुशलेमच्या खोदणाऱ्यांसारखा लेख या लोकांनी ठेवला नाही. त्यांना लिपीच नव्हती. पण माती बोलते, आणि ती केवळ गोड बोलत नाही. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. ते गावच्या मुखियाचे असावे, असा तर्क आहे. कुंभार, सोनार यांच्यासारखे कारागीर राहत ते पश्चिमेच्या कडेला. मेलेल्या प्रौढ माणसाचे पाय घोट्यापासून तोडून त्याला पुरीत. त्याने परत फिरू नये म्हणून, असे जाणकार समजतात. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते. त्याचे पाय शाबूत होते! मोठ्या माणसाला वेगळा नियम लावण्याची चाल इतकी जुनी आहे.

इ. स. पूर्व १००० च्या पुढे पाऊसमान घटत गेले, असे डॉ. ढवळीकर यांचे मत आहे. चौकोनी ऐसपैस घरे गेली आणि त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, मेंढरे आणि शिकार यांवर पोट भरू लागले. कोठार बांधणारा गावही दुष्काळाला पुरा पडला नाही. यरुशलेमात खडक फोडून पाणी शहरात आणले जात होते, जवळपास त्याच सुमारास इनामगावची माणसे पांढरी मागे टाकून निघून गेली. पाट खणणारे हात दोन्हीकडे होते. पण आभाळच आटले तर नुसत्या पाटाने भागत नाही. असेल तेवढे पाणी आणि धान्य कसे वाटून घ्यायचे, हा प्रश्न उरतोच. शिरूर-दौंडचा शेतकरी आणि मजूर तो प्रश्न आजही ओळखतो.

म्हणून आमची श्रोत्यांना एक विनंती आहे. आमच्या पूर्वजांचा ग्रंथ नाही, शिलालेख नाही. त्यांची एकच वही आहे, ती म्हणजे पांढर. ती गाडी भरून शेतात पसरली की पुन्हा वाचता येत नाही. जुन्या टेकाडावर रंगीत खापर, दगडाचे पाते किंवा मणी दिसला, तर टोपली बाजूला ठेवावी आणि पुण्याला जाणत्या माणसाला कळवावे. कोणाच्या घामाने हा मुलूख राहता झाला, हे आपल्या पोरांना सांगायला दुसरा कागद आपल्याजवळ नाही.