विज्ञानकथा आणि आनुवंशिकीचे नवे तंत्र

इ. स. १९०० हे वर्ष आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी युरोपात तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी, एकमेकांचा संबंध नसताना, मेंडेल नावाच्या एका मठवासी धर्मगुरूने १८६६ साली प्रसिद्ध केलेला वाटाण्यांवरील निबंध विस्मृतीतून बाहेर काढला आणि आनुवंशिकी या शास्त्राचा खऱ्या अर्थाने आरंभ झाला. त्याच सुमारास आपल्याकडे ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूपांतर येऊ लागले. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुधा तेथूनच प्रारंभ करतात. म्हणजे या दोघी जवळजवळ एकाच वेळी जन्मास आल्या. परंतु पुढे पाऊणशे वर्षे त्यांची एकमेकींशी म्हणण्यासारखी ओळख झाली नाही. आमची विज्ञानकथा चंद्राकडे आणि ताऱ्यांकडे पाहत राहिली. स्वतःच्या रक्ताकडे पाहण्याचे तिला सुचले नाही.

याचे एक कारण उघड आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात, हे पुढे सर्वांना कळले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर निवर्तले. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय त्यांना जितके आहे तितके दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. ते ज्योतिर्विद होते, तेव्हा कथेला आकाशाची ओढ लागली तर नवल नाही. बाळ फोंडके यांच्यासारख्या, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या लेखकांनी पेशी आणि जनुके यांना कथेत आणले हे खरे. तथापि ‘विज्ञानकथा’ म्हटले की आजही सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम अवकाशयानच येते.

युरोपात गोष्ट वेगळ्या रीतीने घडली, आणि ती व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना विशेष आवडावी अशी आहे. कारण तिचा उगम एका व्याख्यानातच आहे. ४ फेब्रुवारी १९२३ रोजी केंब्रिजच्या एका विद्यार्थिमंडळापुढे जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘डेडॅलस’ या नावाचा निबंध वाचला. पुढे दीडशे वर्षांनी एखादा विद्यार्थी जीवशास्त्राचा इतिहास कसा लिहील, याचे त्यात कल्पनाचित्र होते. आईच्या उदराबाहेर वाढविलेले पहिले मूल १९५१ साली जन्मले, असे तो कल्पित विद्यार्थी बिनदिक्कत नमूद करतो. ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतील बाटल्यांत वाढणाऱ्या मुलांचा वंश त्या निबंधाशी जाऊन भिडतो. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. त्यांची आणखी एक कल्पना आमच्या नागपूरच्या दारापर्यंत येऊन पोहोचते. १९४९ साली त्यांनी असे सुचविले की, रक्ताचे काही आनुवंशिक दोष ज्या मुलखात अधिक आढळतात तेथे ते हिवतापापासून बचाव करीत असले पाहिजेत. त्यांचा रोख थॅलेसीमिया या विकारावर होता. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हीच गोष्ट सिकलसेलच्या बाबतीत दाखवून दिली.

सिकलसेल हा शब्द विदर्भात कोणास समजावून सांगावा लागत नाही. गोंड, माडिया, परधान आदी जमातींत, तसेच अनुसूचित जातींत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मध्य भारतातील या दोषाविषयी शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत अशा वेदना होतात. नागपुरात मेडिकल आणि मेयोच्या वॉर्डांत त्या वेदनेने विव्हळणारी मुले आजही दिसतात. इतक्या दुःखाचे मूळ काय, तर जनुकाच्या लिपीत बदललेले एक अक्षर. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोषाचा एक अंश बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी ते रोगग्रस्त होण्याचा संभव चारांत एक. हे मेंडेलच्या वाटाण्यांचेच गणित आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा रोग नाहीसा करावयाचा असा तिचा संकल्प आहे. तपासणी झालेल्यास कार्ड मिळते, आणि लग्न जुळविण्यापूर्वी पत्रिकेच्या आधी ही कार्डे पाहा असे सांगितले जाते. विज्ञानाने पत्रिकेची सद्दी संपविली, म्हणून कोणी टाळ्या वाजवील. आम्हांला मात्र येथे कथाकाराचे काम सुरू होताना दिसते. शास्त्र सांगते की एक वाहक आणि एक निर्दोष अशा जोडप्याला या रोगाचे अपत्य होत नाही. त्यांच्या लग्नात काहीच अडचण नाही. पण ‘वाहक’ हा शब्द ऐकल्यावर मुलीकडची माणसे, किंवा अधिक खरे म्हणजे मुलाकडची माणसे, शास्त्राचे पुढचे वाक्य ऐकण्यास थांबतील काय? ज्या समाजांनी रक्तावरून शतकानुशतके अपमान सोसला, त्यांच्याच हाती सरकारने रक्ताची ओळख सांगणारे कार्ड द्यावे, हेतू कितीही शुद्ध असो, यात केवढी कथा भरली आहे!

आजवर विज्ञानकथेचे भांडवल एकच होते: ‘असे झाले तर?’ ते भांडवल झपाट्याने आटत चालले आहे. हाल्डेनच्या निबंधानंतर परीक्षानळीतून गर्भधारणा झालेले पहिले मूल इंग्लंडात १९७८ साली जन्मले. मध्ये पंचावन्न वर्षे गेली, आणि उरलेला गर्भकाळ तरीही आईच्याच उदरात गेला. उलट, जनुके हवी तेथे कापण्याचे ‘क्रिस्पर’ हे तंत्र २०१२ साली जगापुढे आले आणि अवघ्या सहा वर्षांनी, २०१८ साली, गर्भावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे चीनमधील एका संशोधकाने जाहीर केले. तो तुरुंगात गेला, हे अलाहिदा. अशा वेगाच्या पुढे धावण्याचा हट्ट लेखकाने धरू नये असे आमचे मत आहे. ‘हे झाले, आता ते कोणाचे?’ हा त्याचा यापुढचा प्रश्न.

हा प्रश्न आमच्या काळ्या मातीत वीस वर्षांहून अधिक काळ पिकतो आहे. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीच्या पेशीत घातले, आणि बोंडअळीला मारणारे द्रव्य झाडच तयार करू लागले. एच. जी. वेल्स यांना हे सांगितले असते तर त्यांनी त्यावर कादंबरी लिहिली असती. आमच्या शेतकऱ्याने ते कृषी केंद्रातून पाकिटात विकत आणले. पण ते संकरित बियाणे असल्यामुळे घरची सरकी राखून पुन्हा पेरण्यात अर्थ उरला नाही. तेव्हा १९७६ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने, धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने, ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणाची बीटी जात काढली. तिचे बी शेतकऱ्याला घरी राखता येणार होते. २००९ च्या हंगामात ती शेतात गेली आणि लवकरच तिची विक्री थांबविण्यात आली. मोन्सँटो कंपनीच्या बियाण्यातील जनुकरचना तिच्यात आढळल्याने २०१२ साली चौकशी समिती नेमावी लागली. इकडे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, आणि पुढे तणनाशकाला दाद न देणारे विनापरवाना बियाणे २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. सरकारी प्रयोगशाळेत परके जनुक शिरते, कायदा मोडून बी पेरले जाते, अळी माणसापेक्षा लवकर शिकते. एवढे सारे वर्धा, यवतमाळ, अकोल्याच्या शिवारात घडले, आणि आमच्या विज्ञानकथेत त्याची चाहूल फारशी लागली नाही. शेतकऱ्याची कथा ‘ग्रामीण’ आणि प्रयोगशाळेची कथा ‘वैज्ञानिक’ अशी जी वाटणी समीक्षकांनी करून ठेवली आहे, तिचे हे फळ.

मोकळी राहिलेली ही जागा दुसरेच कोणी भरून काढते. २०१९ साली जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरव हे परीक्षानळीतून जन्मले असे प्रतिपादन केले. आदिपर्वातील मूळ कथा पाहावी: गांधारी दोन वर्षे गर्भ वाहते, लोखंडासारखा कठीण मांसपिंड बाहेर पडतो, व्यास त्यावर थंड पाणी शिंपडवितात, त्याचे एकशे एक भाग होतात आणि ते तुपाच्या कुंडांत ठेवले जातात. ही कल्पना भव्य आहे, आणि तिचे मोल कुंडांत मुळीच नाही. ते मत्सराने स्वतःचे पोट बडवून घेणाऱ्या गांधारीत आहे. कुंडांचे प्रमाणपत्र काढले की प्रयोगशाळाही हाती लागत नाही आणि गांधारीही हरवते. याच विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नागपुरात भरले होते, म्हणून हे आठवले.

गांधारीकडून पुन्हा कार्डाकडे येतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी सिकलसेलवर क्रिस्परचा उपचार मान्य केला. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. आपल्या देशातही स्वस्त उपचाराचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते सफल झाले असे क्षणभर धरू. या उपचारात रोग्याच्या अस्थिमज्जेतील रक्तोत्पादक पेशी काढून, बदलून, पुन्हा शरीरात सोडतात. वेदना थांबतात. परंतु बदल तेवढ्या पेशींपुरताच असतो. पुढच्या पिढीकडे जाणारे बीज जुनेच राहते. तेव्हा गडचिरोलीच्या एखाद्या गावातला पंचवीस वर्षांचा तरुण बरा होऊन, नागपुरात नोकरीस लागून, मुलगी पाहण्यास जातो. तो धावू शकतो, रात्री झोपू शकतो, त्याच्या रक्तातले दुखणे गेले आहे. मुलीचा बाप त्याला चहा देतो आणि कार्ड मागतो. कार्डावर पूर्वी होते तेच लिहिलेले आहे, आणि शास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे.